डाव्या हाताची वीत

तुर्भे,
१७ नोव्हेंबर १९९६

ती. दादास,
किसनचा सा. न. साष्टांग घालण्याजोगी जागा इथे नाही, धूळ घोटाभर आहे. नुसता वाकलो असं समज.

पत्र लिहायचं गणपतीपासून टाळतोय, हे आधीच कबूल करतो. अंतर्देशीय तीन वेळा आणलं. एकावर चहा सांडला, एक खोलीतल्या माणसाने मागून नेलं, तिसरं हे.

प्लास्टिकचा कारखाना सोडला. मालक वाईट नव्हता, पण दिवसभर बादल्यांना कड्या लावायच्या, आणि दुसऱ्या दिवशी वाटायचं कालच्याच बादल्या परत आल्यात. मग पंधरा दिवस जुईनगरला नव्या बिल्डिंगींवर लाद्या चढवल्या. गच्चीवरून खाडी मस्त दिसते, मी बघत बसायचो, लाद्या खाली. तिथूनही सुटलो. आता डोंगराच्या पोटात दगडांच्या क्वारीवर आहे, आणि दादा, इथे तुझं काम आहे. तू ज्यांच्यासाठी तळमळतोस त्या गाड्या इथे रांगेने उभ्या असतात. ज्या डंपरवर मी क्लीनर आहे त्याला एक दार नाही, बॉनेट तारेने बांधलंय, पण अख्खा डोंगर भरून चढण चढतो. ड्रायव्हर बाबासो, साताऱ्याकडचा, मायाळू माणूस, तंबाखू मळताना माझ्यासाठीपण मळतो. मी खात नाही, आईला सांग.

तू दिलेला मापाचा टेप कारखान्यात राहिला. टेन्शन घेऊ नको, माझी वीत आहे ना. उजव्या हातात पेन्सिल, डाव्याने मापतो. मापं: चाक उभं साडेचार वीत, टायरवर ९००-२० असं कोरलंय. हौदा लांबीला सतरा वीत. बाकीचं मागच्या पानावर काढलंय, ते बैलासारखं दिसतंय ते इंजिन आहे.

आईला नमस्कार. पत्र येत नाही म्हणून माया कमी करू नका, पत्राचा आणि तिचा संबंध नाही.
तुझा,
किसन


रोहा,
२६ नोव्हेंबर १९९६

चि. किसन यास,
अनेक आशीर्वाद. आईचे वेगळे, ते मोजायला तुझी वीत पुरायची नाही.

तुझं पत्र आईला नेहमीसारखं दोनदा वाचून दाखवलं. तंबाखूचं वाक्य तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि मान हलवली. विश्वास बसलेला नाही.

टेप हरवलास ते तुला शोभेलच. पण तुझी डावी वीत बरोबर नऊ इंच आहे, जाताना मी पट्टीवर मोजून ठेवली होती. माझ्या पत्र्याच्या छोट्या गाड्या मूळच्या चोविसाव्या हिश्श्याच्या. म्हणजे तुझी एक वीत माझ्याकडे तीन सूत, इंचाचे तीन अष्टमांश, होते. याहून सरळ हिशेब कंपनीत आमच्या ड्रॉइंगवाल्या साहेबांनाही जमत नाही. चाक साडेतेरा सूत आलं, पत्र्याचं कापून झालं, हौदाही उभा राहिला. नझीरने कुवेतहून आणलेला परदेशी जीपचा खोका आठवतो? दोनशे भाग, जोडायचा कागद, सगळं आयतं. फळीवर ती जीप डंपरशेजारी ठेवली तर आईसुद्धा म्हणाली की ही बाहुली वाटते.

जगभरच्या गाड्यांचे असे खोके निघतात. क्वारीच्या डंपरचा नाही, लिलावातून घेतलेल्या मिल्ट्रीच्या ट्रकचा नाही, मिठागरात उतरणाऱ्या बिनदाराच्या ट्रकचा नाही. आपल्या गाड्यांना खोका नाही. त्या भंगारात गेल्या की गेल्या. म्हणून तुझ्यामागे लागतो.

दोन कामं. एक, डंपरच्या मागच्या फाळक्याचं, हौद्याच्या त्या झडपेचं, माप तू बाहेरून दिलंस. मला ते आतून हवं, त्याशिवाय फाळका झुलता करता येत नाही. दोन, तिथे जुना मिल्ट्रीचा ट्रक असेल तर त्याची सगळी मापं.

जेवण वेळेवर कर. लोभ इथे आहेच, तो न्यायला अधूनमधून येत जा.
तुझा,
अरविंद


कोपरखैरणे,
२ फेब्रुवारी १९९७

ती. दादास,
सा. न. उभ्याउभ्या.

पुन्हा उशीर झाला. संक्रांत गेली, तिळगूळ कागदात बांधून ठेवला होता तो मुंग्यांनी खाल्ला. विशेष काही नाही. इथे एकाच्या खोलीत राहायला आलोय, रोज चालत क्वारीवर जातो, पाय मोकळे होतात. वाटेत एक म्हातारा पोपट विकतो. एक पोपट फक्त आगरी बोलतो, कोन हाय म्हणून विचारतो, म्हणून कोणी घेत नाही. मी घेणार होतो.

काम बदललंय. मुकादम हौसेरावांनी मला फाटकावर बसवलंय. आतबाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. सावलीत खुर्ची आहे, आराम आहे. बाबासो दुसऱ्या गाडीवर गेलाय, त्याच्याशी बोलणं होत नाही.

तुझा मिल्ट्रीचा ट्रक सापडला. आता पाण्याचा टँकर केलाय, धूळ बसवायला पाणी मारतो. चाकं दहा, टायर आपल्या डंपरचेच, ९००-२०. चाक उभं पाच वीत. पुढचा बंपर दहा वीत आणि थोडा. केबिनला छप्पर ताडपत्रीचं, त्याच्यावर कोणीतरी कोंबडी पाळलीय, ती मापात धरू नको.

फाळक्याचं आतलं माप राहिलं. ते पुन्हा विचारू नको, ती गाडी गेली.

आईला सांग मी जाड झालोय. राग असला तरी माया धरून राहा.
किसन


रोहा,
११ फेब्रुवारी १९९७

चि. किसन यास,
आशीर्वाद.

हे पत्र मी कंपनीत बसून लिहितोय. तुझं पत्र आईला वाचून दाखवलेलं नाही. आलंच नाही म्हणून सांगितलं.

रविवारी टँकरची चाकं कापायला घेतली. पाच वीत म्हणजे पंधरा सूत. पहिलं चाक कापून डंपरच्या चाकाला लावून बघितलं तर दीड सूत मोठं. टायरचा नंबर दोन्हीकडे एकच. ९००-२० चा टायर कुठल्याही गाडीला लाव, उंची तीच, जवळपास चाळीस इंच. तुझं चुकलं असेल म्हणून बंपर बघितला, तर तोही ट्रकच्या रुंदीपेक्षा जास्त भरत होता. प्रत्येक माप सारखंच वाढलेलं. चुकणारा माणूस इतकं नेमाने चुकत नाही.

चाळीस इंचात पूर्वी तुझ्या साडेचार विती बसायच्या, आता पाच बसतात. ट्रक वाढला नाही, किसन. तुझी वीत लहान झालीय. नऊ इंचांची आठ झालीय. मी माझा हात टेबलावर पसरून बघितला. करंगळी आणि शेजारचं बोट मिटलं की अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत एवढंच अंतर उरतं.

अक्षर बदललेलं नाही, कारण तू उजव्याने लिहितोस. फाटकावर खुर्ची कोणाला देतात, तेही मला कळतं.

एकच विचारतो आणि खरं लिही. तू फाळक्याचं माप आतून घ्यायला गेला होतास का? मी गेल्या पत्रात मागितलं होतं, ते मला तोंडपाठ आहे. रात्री झोप लागत नाही म्हणून विचारत नाही, ती लागू नयेच. माहीत असावं म्हणून विचारतो. फळीवरच्या गाड्यांना त्यानंतर हात लावलेला नाही.

घरी ये.
अरविंद


तुर्भे,
१९ फेब्रुवारी १९९७

ती. दादास,
सा. न. या वेळी उशीर केला नाही, बघ.

गेलो होतो. खोटं लिहून उपयोग नाही, तू पुन्हा काहीतरी मापून काढशील. डिसेंबरचा दुसरा शुक्रवार. बाबासोने हौदा उचलून ठेवला होता, धुवायला. हौदा वर असला की फाळका मागे झुलतो, तेव्हाच आतून मापता येतं. मी त्याला न सांगता मागे गेलो, कारण सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता. तीन विती मोजून झाल्या. चौथी टेकवली आणि त्याने हौदा खाली घेतला. हौदा टेकला की फाळका मिटतो. करंगळी पूर्ण गेली, शेजारचं बोट अर्धं.

तेव्हा तुझं माप तीन वीत आणि वर थोडं. त्या विती जुन्या आहेत, नऊ इंचाच्या. थोडं किती ते तू अंदाजाने काप.

तू मागितलंस म्हणून गेलो, हे खरं. पण मला तिथे जायला आवडायचं, हेपण खरं लिही कुठेतरी. मी कुठेच महिनाभर टिकलो नाही, दादा. तिथे टिकलो, कारण तुला पाठवायला काहीतरी होतं. तू फळीवरच्या गाड्या टाकल्यास तर माझी बोटं कशाला गेली, ते मला सांगता येणार नाही. बाबासोचं मात्र वाईट आहे. तो माझ्या समोरून जाताना मान वळवतो. मी हाक मारली की गाडी जोरात काढतो.

घरी येत नाही तो आईमुळे. ती वाढताना ताटाकडे बघत नाही, जेवणाऱ्याच्या हातांकडे बघते. मी किती दिवस हात मांडीखाली ठेवू? थोडं जुनं झालं की येतो. तोपर्यंत तू तिला काही सांगू नको.

लोभ होता तेवढा असू दे, तुझ्या मापाने.
किसन

ता. क. पत्र चिकटवत होतो तेवढ्यात बाबासोचा डंपर फाटकात शिरला आणि केबिनमधून आई उतरली.

पोस्टमनने माझं मागचं पत्र किसनचं म्हणून तिच्याच हातात दिलं होतं म्हणे. ते तिने तुझ्या टेबलावर ठेवलं, आणि तू संध्याकाळी म्हणालास की आलंच नाही. तिला वाचता येत नाही, पण अरविंद उगीच खोटं बोलत नाही एवढं तिला कळतं. आठवडाभर गप्प राहिली आणि आज तुला न सांगता पहाटेची एस. टी. धरली. नाक्यावर दगडांच्या गाड्यांना हात दाखवत उभी होती. थांबला तो नेमका बाबासो. किसनची आई म्हटल्यावर त्याने वाटेत सगळं सांगितलं. दोन महिन्यांत माझ्याशी बोलला नाही ते सगळं.

आता ती दगडावर बसलीय. फडक्यातली भाकरी सोडून पहिली बाबासोच्या हातावर ठेवली. तो लहान पोरासारखा रडतोय आणि ती त्याला म्हणतेय की आधी खा. माझ्याकडे तिने अजून मान वर करून बघितलेलं नाही. फक्त एवढंच म्हणाली, की दोन्ही हात धुऊन ये.