दोरपंपाची वाटणी

मी, ओक सारिन, वय छप्पन्न, धंदा दोरपंप बनवणे आणि विहारात पूजापाठ सांगणे, राहणार त्रपांग अम्पिल, प्रांत कम्पोंग स्पू, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शाईने आणि कोणाच्याही घरचा चहा न घेता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाण नेमके कोणते याबद्दल माझ्या पत्नीचे मत वेगळे असले, तरी तिच्याकडून दाखला आणण्याची अट कायद्यात नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू पाहणाऱ्यांची नावे पुढे योग्य त्या कलमात येतील.

कलम १. हे आत्ताच का, याविषयी.

प्रांताच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझी छाती ऐकली आणि सांगितले की हृदयाची एक झडप नीट बसत नाही, थोडे रक्त मागे गळते. जन्मभर मी झडपा बसवत आलो. कोणी असा पंप माझ्याकडे आणला असता, तर मी त्याला उन्हात उभे करून चार गोष्टी सुनावल्या असत्या. किती गळते, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "थोडंसंच हो. पुष्कळ लोकांचं गळतं. हृदय पुन्हा उचलतं ते." गळती चालवून घेणाऱ्या कारागिरावर जसा माझा विश्वास बसत नाही, तसाच त्यांच्यावरही बसला नाही. म्हणून हा कागद.

दुसरे कारण माझा मेहुणा, सोम कोसल. मी छाती दाखवून आल्यापासून तो रोज माझ्या प्रकृतीची चौकशी करतो. परवा ताडगुळाची ढेप घेऊन आला. धूर दिसला की अग्नी असतो, हे विहारात पहिल्या वर्षी शिकवतात. ताडगूळ दिसला की काय असते, हे लग्नानंतर कळते.

कलम २. घर.

घर, खांबांवर उभ्या या घराखालची मोकळी जागा आणि चिंचेचे झाड ही सर्व थावीची, म्हणजे माझ्या पत्नीची आहेत. आमच्याकडे नवरा बायकोच्या घरी नांदायला येतो, तसा मीही एक सायकल आणि पाली व्याकरणाची दोन पुस्तके घेऊन आलो. जे माझे नाही ते मी कोणालाही देत नाही. सायकल थावीने केव्हाच विकली आहे.

कोसलही असाच आपल्या बायकोच्या गावी नांदायला गेला होता. तिकडच्यांनी त्याला परत पाठवले. कारण कोणी सांगत नाही. मी विचारतही नाही, पण विसरतही नाही. आता तो शेजारच्या घरात आईसोबत, म्हणजे माझ्या सासूबाई आजी नेम यांच्यासोबत राहतो आणि मिरच्या लावतो.

कलम ३. विहीर आणि पंप.

विहीर मी आणि थावीने लग्नानंतर खणली, म्हणून तिच्यातला माझा हिस्सा माझा आहे. तिच्यावरचा दोरपंप मात्र संपूर्ण माझा. वारसांनी पुढे भांडताना शब्द चुकवू नयेत, म्हणून त्याचे वर्णन देतो.

रहाटगाडग्यातली गाडगी काढून टाकावीत, दोराला हातहात अंतरावर रबरी चकत्या ओवाव्यात, प्रत्येक चकतीला वरून-खालून गाठ मारावी आणि तो दोर एका नळीतून वर ओढावा, म्हणजे माझा पंप झाला. वर मोटारसायकलच्या जुन्या टायरच्या कडांचे चाक आणि दांडा. तळाशी दोर वळवणारा, आतून झिलई दिलेल्या मातीचा ठोकळा. चाकाला एक अटकाव, म्हणजे हात सुटला तरी दांडा उलटा फिरून कोणाचे दात पाडत नाही. मर्म चकतीच्या मापात आहे. चकती नळीला घासली की जड जाते, फार सैल झाली की पाणी कडेने मागे पडते. माझ्या चकत्या नळीला जेमतेम न घासण्याइतक्या बसतात. याबाबतीत मी कोणाचे ऐकत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. चैत्रात गावाचे तळे आटते आणि आजूबाजूची घरे याच विहिरीवर पाणी पितात. पंप हाताचा आहे, म्हणून हाताला झेपेल तेवढेच निघते आणि पहाटेपर्यंत झरे ते भरून काढतात. या विहिरीत विजेची मोटार सोडली, तर सकाळची न्याहारी होईपर्यंत तळ दिसेल, मिरच्या हिरव्यागार होतील आणि शेजारी बादल्या घेऊन उभे राहतील. कोसल गेल्या महिन्यात दोरीला दगड बांधून विहीर मोजताना मला दिसला. विचारले तर म्हणाला, "सहज, दाजी." सहज कोणी विहीर मोजत नाही.

आणि नव्या वर्षाच्या सणापासून तोटीची धार बारीक झाली आहे. मी दोर वर काढून पाहिला. चकत्यांच्या कडा कोणीतरी कुरतडल्या आहेत. झिजलेली कड गुळगुळीत असते. ही कड चावल्यासारखी आहे. दाजींचा पंप म्हातारा झाला, आता मोटारच आणा, असे गावाने म्हणावे यासाठी हे चालले आहे. कापणारा मला ठाऊक आहे. पुरावा तेवढा बाकी आहे.

कलम ४. पंपाची वाटणी.

वरील कारणासाठी पंप एका हाती देत नाही. चाक, दांडा आणि अटकाव थावीला. दोर आणि चकत्या माझी मुलगी मालिया हिला. ती शहरात शिवणकामाच्या कारखान्यात आहे आणि मामाच्या गोड बोलण्याला एवढ्या लांबून भुलणार नाही. नळी आणि तळचा ठोकळा विहाराला. म्हणजे तिघे एकत्र आल्याशिवाय पाणी निघणार नाही आणि पंप मोडीत घालायचा तर भिक्षूंची परवानगी लागेल. भिक्षू परवानगी देतात, पण फार सावकाश.

कोसलला काहीही नाही. त्याने आणलेला ताडगूळ परत करावा. निम्मा संपला आहे.

कलम ५. गावप्रमुख प्रुम सावत.

काही वर्षांपूर्वी परगावच्या दात्यांनी शाळेजवळ लोखंडी हातपंप दिला. सावतने त्याच्या ओट्यावर सिमेंटमध्ये स्वतःचे नाव कोरून घेतले. तो वरून हवा ओढून पाणी चढवणारा पंप. असा पंप सात-आठ मीटरच्या खालचे पाणी उचलत नाही, कारण पाण्याला वर ढकलणारा हवेचा भार तेवढाच असतो. मी हे आधीच सांगितले होते. सावत म्हणाला, "आचार्य, तुम्ही मंत्रांचं बघा."

माघ संपता संपता पाणी खाली गेले आणि पंप कोरडा खोकू लागला. सावतने निदान केले की जागेचा राखणदार देव रागावला. कोंबडी उकडली, केळी मांडली, दारू ओतली आणि मंत्र म्हणायला मलाच बोलावले. मी म्हटले. मंत्र म्हणणे माझे कर्तव्य, म्हणून खणखणीत म्हटले. आणि पाणी येणार नाही हे सांगणे माझा धंदा, म्हणून मंत्र संपल्यावर तेही तेवढ्याच खणखणीत सांगितले. पाणी आले नाही. गावभर बोलवा झाली की आचार्यांच्या मनात श्रद्धा नव्हती म्हणून आले नाही. पंप पुढे चोरीला गेला, नाव ओट्यावर शाबूत आहे.

त्या पंपातले चामड्याचे वायसर मी जपून ठेवले आहे. ते मी सावतला देतो. त्याने ते घरात दर्शनी लावावे.

कलम ६. साक्षीदार.

शिक्षक केव बुनारित यांनी सांगितले की मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून काही मिळू नये, अशी रीत आहे. ही माहिती मला फार उपयोगी वाटली. म्हणून एक साक्षीदार स्वतः बुनारित आणि दुसरा साक्षीदार कोसल. त्याला मान मिळेल आणि तेवढ्यावरच भागेल. मी त्याला विचारले तेव्हा तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच का म्हणाला, याचा विचार चालू आहे.

(वरील मजकूर लिहून झाल्यावर काही दिवस गेले. पुढचा मजकूरही माझ्याच हातचा आहे. शाई वेगळी दिसेल. दौत सासूबाईंच्या पानाच्या पेटीवर सांडली, त्याचे वर्णन अनावश्यक.)

कलम ७. पुरावा.

मी दोरावर नव्या, पूर्ण मापाच्या चकत्या ओवल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घराखालच्या झोळीत डोळे मिटून पडलो. अंगावर माश्या बसल्या, त्या बसू दिल्या.

आधी सासूबाई आल्या. बादली ठेवली, दोन्ही हात दांड्याला लावले. दांडा अर्धा फेरा गेला आणि थांबला. त्या त्याला लोंबकळल्या. वजन कमरेला गुंडाळायच्या एखाद्या ओल्या सारोंगाएवढे. दांडा हलला नाही. अटकाव असल्यामुळे मागेही आला नाही, एवढे समाधान. मग त्या विहिरीच्या कठड्यावर टेकल्या आणि शांतपणे वाट पाहू लागल्या, जशी माणसे रोजच्या गोष्टीची पाहतात.

कोसल मिरच्यांतून आला. त्याने बादली भरून दिली. मग आईच्या पानाच्या पेटीतला अडकित्ता मागितला, चाक सावकाश फिरवले आणि वर येणाऱ्या एकेका चकतीची कड सुपारीसारखी कातरू लागला. भर दुपारी, माझ्या नाकासमोर.

मी झोळीतून उठलो. "सापडलास," म्हणालो.

तो दचकला नाही. "दाजी, तुम्ही घोरत नव्हता. तेव्हाच कळलं मला."

"माझ्या चकत्या कापतोस?"

"आईला फिरत नाही."

"मग मला सांगायचं होतं."

"सांगितलं होतं की, सणाच्या आधी. तुम्ही म्हणालात, म्हातारीला सांग, भात जास्त खा."

सासूबाई पान जुळवत म्हणाल्या, "खाल्ला की मी, जावईबापू. पोट बिघडलं, दांडा तसाच."

असे मी म्हणालो होतो का, ते मला आठवत नाही. पण वाक्य माझ्यासारखे आहे. मी मुद्द्यावर आलो. कातरलेल्या कडेने पाणी मागे गळते, अर्धी मेहनत फुकट जाते, हे त्याला नीट समजावले.

तो म्हणाला, "गळू दे की, दाजी. जातंय कुठं? परत विहिरीतच."

 

येथे विषय बदलणे इष्ट वाटले. मी विचारले, "आणि त्या दिवशी विहीर कशाला मोजत होतास? खरं सांग."

"मोटारीसाठी. तुमच्याशी खोटं बोलून उपयोग आहे का?"

"मग?"

"दोरीचं टोक तेवढं ओलं झालं. बोटभर. मोटार लावली तर मिरच्या जगतील. मग आईला काय पाजू, मिरच्या?"

सासूबाई म्हणाल्या की मिरच्याही आताशा त्यांना सोसत नाहीत.

म्हणजे माझा संशय पूर्णपणे खरा होता. चकत्या त्यानेच कापल्या आणि विहीर मोटारीसाठीच मोजली. अनुमानात कुठेही चूक नाही. फक्त धुराखाली अग्नीऐवजी चूल निघाली.

कलम ८. दुरुस्ती.

कलम ४ मधली वाटणी थांबवत आहे. संपूर्ण दोरपंप, चाक, दांडा, अटकाव, दोर, चकत्या, नळी आणि ठोकळा, एकत्र, जसा उभा आहे तसा, आणि विहिरीतला माझा हिस्सा, सोम कोसल याला देत आहे. अटी अशा: मोटार लावू नये. चैत्र-वैशाखात पाण्याला येणाऱ्या कोणालाही नाही म्हणू नये, सावतच्या बायकोलाही. कोसलने यातली एकही अट मोडली, तर कलम ४ त्याच दिवशी आपोआप जागे होईल. चाकाला अटकाव आहे, तसा कागदालाही असावा. मनुष्य आज बरा निघाला म्हणून उद्याही निघेल, असे कोणत्याच शास्त्रात लिहिलेले नाही.

चकत्या अडकित्त्याने कातरू नयेत. कड वेडीवाकडी होते आणि सुपारीला रबराचा वास लागतो, अशी सासूबाईंची तक्रार आहे. माझ्या पेटीत आता जुन्या साच्याशेजारी एक नवा, किंचित लहान मापाचा गोल साचा ठेवला आहे. तो मी या आठवड्यात केला. त्याबद्दल कोणी काही विचारू नये.

बाकी पेटी, पोगर, कानस आणि मोठी कात्री मालियाला. तिला टायर कापता येतो. कापडाला तिने किती दिवस वाहून घ्यावे, हे तिने ठरवावे.

ताडगूळ ठेवून घ्यावा.

कलम ९. अंत्यविधी.

विहारात नेहमीप्रमाणे. मंत्र दुसऱ्या कोणाला तरी सांगावे लागतील, ही गैरसोय होईल. ध्वनिक्षेपक लहान लावावा. आलेल्या माणसांना पिण्याचे पाणी याच विहिरीचे द्यावे आणि ते कोसलने स्वतः दांडा फिरवून काढावे, म्हणजे तो कुठे आहे ते सर्वांना दिसेल.

कलम १०. साक्षीदारांबाबत फेरफार.

कोसलला आता काही मिळणार असल्याने त्याला साक्षीदार राहता येत नाही. त्याच्या जागी ज्याला माझ्याकडून काहीच मिळत नाही असा प्रौढ माणूस हवा होता. गावात शोधले. प्रुम सावत सापडला. यास्तव कलम ५ मधले वायसर मी मागे घेत आहे. या कागदातला हा एकमेव निर्णय मला मनापासून जड गेला.

सावतने सही करण्यापूर्वी सगळे कलम ५ बोटाने ओळ धरून वाचले. मग म्हणाला, "आचार्य, कोंबडी नव्हती हो, बदक होतं." दुरुस्ती नोंदवली.

येथे हे मृत्युपत्र संपते. मी ते पुन्हा वाचले, खाडाखोड माझीच आहे आणि तीच खरी मानावी.

स्थळ: त्रपांग अम्पिल, आमच्या चिंचेखाली.
तिथी: वैशाख वद्य पंचमी, बुद्ध संवत २५६३ (दिनांक २३ मे २०१९).

सही: ओक सारिन

साक्षीदार पहिला: केव बुनारित, शिक्षक

साक्षीदार दुसरा, फेरफारानंतर: प्रुम सावत, गावप्रमुख

साक्षीदार दुसरा, मूळचा: सोम कोसल. हे नाव मी स्वतः खोडले आहे. याने या कागदात काय लिहिले आहे ते न विचारता सही केली होती.