झोपलेल्या माणसाला हलवू नये

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहिताना पेन अडखळलं, हे आधीच सांगून टाकते. पण आपल्यात दुसरं काही लिहायची पद्धत नाही आणि राग आला म्हणून मायना बदलायला मी काही कचेरी नाही. फोन करत नाही, कारण फोनवर मी ओरडते, तू गप्प बसतोस आणि शेवटी तुझी बायको फोन घेऊन मला पाणी प्यायला सांगते. समोरासमोर बोलावं तर मंगळवारपासून तू मला चुकवतोयस. मी संध्याकाळी नर्सिंगचे तास संपवून वर बाबांच्या वॉर्डात जाते, तर तू सकाळीच येऊन गेलेला असतोस. म्हणून हे पत्र बाबांच्या उशाखाली ठेवते आहे. उशी सारखी करायला तरी हात लावशील.

मंगळवारी काय झालं ते ऐक. आम्ही एकमेकींची नाडी मोजत बसलो होतो. शिपाई आला आणि म्हणाला, प्राचार्या बाईंनी बोलावलंय, लगेच. भर तासातून माणसाला उठवून नेतात ते कशासाठी, हे तुलाही माहीत आहे. माझ्या डोक्यात एकच आलं, बाबा गेले. जिना उतरताना मी कठडा धरून उतरले. बाईंनी बसायला सांगितलं, पाणी पुढे केलं, तेव्हा तर खात्रीच पटली. आणि मग त्या म्हणाल्या की तुमच्या भावाचा फोन आला होता, वडिलांच्या आजारपणामुळे तुम्ही शिक्षण सोडताय असं कळलं, वाईट वाटलं, रीतसर अर्ज तेवढा द्या. घरात निर्णय झाला आहे, असं तू त्यांना सांगितलंस म्हणे. कुठल्या घरात झाला? कोण कोण बसलं होतं? मी तेव्हा कुठे होते? बाबा आहेत हे कळून माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी तळपायाची आग मस्तकाला गेली. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

ही शाळा म्हणजे माझं खूळ आहे असं तुला पहिल्यापासून वाटतं. वीसेक वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीत बसले. काचेच्या भोकातून लोक ओरडायचे आणि मी म्हणायचे, तक्रार नोंदवली आहे. नळाला पाणी येवो न येवो, तक्रार नोंदवलेली असायची. तूच मला तक्रारबाई म्हणून चिडवायचास. ती नोकरी सोडून मी या वयात नर्सिंगला नाव घातलं, तेव्हा तू जेवता जेवता हसलास आणि म्हणालास, वरातीमागून घोडं. असू दे. वर्गातल्या मुली माझ्या लेकीच्या वयाच्या आहेत. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर सगळ्या उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं मीच शिकवायला आले. आता काकू म्हणतात, मला आकृत्या काढून देतात आणि मी त्यांची भांडणं सोडवते. हाडांची नावं सकाळी पाठ करते आणि दुपारपर्यंत ती कुठे जातात देव जाणे. पाय इतके सुजतात की घरी गेल्यावर तुझे भावजी बूट ओढून काढतात. हल्ली स्वयंपाकही तेच करतात, म्हणजे करपवतात, आणि आम्ही दोघं तो मुकाट्याने खातो.

प्रवेशाच्या मुलाखतीत बाईंनी विचारलं होतं, या वयात का? माझ्या आधीच्या मुलीने 'सेवा' असं उत्तर दिलेलं मला दाराबाहेर ऐकू आलं होतं. मी म्हटलं, आई गेल्यापासून मला राग आलाय आणि तो जात नाही. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी खरडलं. मला वाटलं, गेली हातची जागा. पण मिळाली. वयाची सवलत एकदाच मिळते, मध्ये सोडलंत तर पुन्हा दार उघडणार नाही, हेही त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. ही जागा मला कोणी आंदण दिलेली नाही की तू ती परस्पर परत करावीस.

आता तो राग कसला, ते सांगते. गेल्या महिन्यात आमची पाळी बायकांच्या वॉर्डात लागली. तोच वॉर्ड, जिथून आपण आईला घरी नेलं. तिथल्या सिस्टर उंच आहेत, आवाज घोगरा, आणि कोणाची भीडभाड नाही. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरी सोडायचं असलं की त्या नातेवाइकाला पलंगाशी उभं करतात. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात, एवढं सांगून त्या थांबत नाहीत. त्याच्याच हातांनी करून घेतात. एक हात पलीकडच्या खांद्यावर, एक कमरेवर, आणि सावकाश आपल्याकडे वळवायचं, मग पाठीमागे उशी. स्वतः मात्र हात मागे बांधून उभ्या राहतात. त्या दिवशी एक शिंपी होता. स्वतःच्या बायकोला हात लावायला घाबरत होता, तिला दुखेल हो, म्हणत होता. सिस्टर म्हणाल्या, दुखू दे, सडण्यापेक्षा बरं. त्याने ते केलं, रडत रडत केलं, आणि मगच त्यांनी घरी जायच्या कागदावर सही केली. मी विचारलं, सगळ्यांकडून करून घेता? त्या म्हणाल्या, मी इथे आले तेव्हापासून, एकालाही सोडलेलं नाही. मी हातातली चादर तशीच धरून उभी राहिले. आईच्या वेळीही याच सिस्टर होत्या, म्हणजे तिला नेताना त्या पलंगाशी तू उभा होतास. तुलाही दाखवलं होतं. तू करूनही दाखवलं असणार, कारण समोर कोणी उभं असलं की तू काम चोख करतोस.

त्या दुपारी मी तुला फोन केला आणि सरळ विचारलं, आईची कूस बदलायचास का?  तू एवढंच म्हणालास, ती झोपलेली असायची गं.

मला तेव्हा ओरडता आलं नाही, कारण ते वाक्य मला कळलं. दुसऱ्या कुठल्या घरातल्या माणसाला कळलं नसतं. बाबा जन्मभर बेकरीत रात्रपाळीला, भट्टीवर. सकाळी यायचे ते भुवयांवर पीठ घेऊन, आणि दिवसभर झोपायचे. खोली एकच, त्यामुळे त्यांची झोप म्हणजे आपलं सगळ्यांचं काम होतं. आई भांडी घासताना खाली फडकं अंथरायची. आपण खुणांनी बोलायचो. तुला शिंक आली की तू उशीत तोंड खुपसायचास. भांडणंसुद्धा मुकी, चिमटे काढायचे आणि ओरडायचं नाही. तू नखं लावायचास, ते मी विसरलेली नाही. इतर घरांत मुलांना काय काय शिकवतात, आपल्याला एकच शिकवलं, झोपलेल्या माणसाला हलवू नये. आणि आपण ते इतकं छान शिकलो की शेजारीपाजारी आपलं कौतुक करायचे, दोन लेकरं आहेत पण घरात असल्याचं कळत नाही. त्या कौतुकाला आता काडी लावावीशी वाटते.

म्हणून आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू पडदे ओढलेस. दाराची बेल काढून ठेवलीस. बायकोला घरात अनवाणी फिरायला लावलंस. तू जीव टाकत होतास तिच्यावर, ते मी पाहिलं आहे, नाही म्हणत नाही. एका रविवारी मी आले तर मला वास आला. मी चादर वर करायला गेले आणि तू माझं मनगट धरलंस, झोपलीय, दिसत नाही का. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग ती गेली, आणि शेवटची अंघोळ घालताना आम्ही बायकांनी तिला कुशीवर केलं. माकडहाडापाशी माझी मूठ मावेल एवढी जखम होती. आत हाड दिसत होतं. तुझी बायको तोंडावर हात दाबून बाहेर गेली. तू ओट्यावर बसला होतास, आणि तुला कोणी काही सांगायचं नाही असं आम्ही तिथल्या तिथे ठरवलं. आपल्या घराची रीतच ती. आज मी ती मोडते आहे. वय झालं होतं म्हणून गेली, असं सगळे म्हणाले. ती वयाने गेली नाही, धाकट्या. त्या जखमेने गेली.

तुझा राग येतो. तुझ्याशी तरी मी समोर येऊन भांडेन. पण सगळ्यात जास्त राग येतो तो आईचा. आता मी वॉर्डात रोज पाहते, असं दुखणारं माणूस एवढं झोपत नाही. ती झोपलेली नसायचीच. आपण मांजराच्या पावलांनी फिरतोय हे तिला ऐकू येत असणार, आणि आपल्याला बरं वाटावं म्हणून ती डोळे मिटून पडून राहत असणार. एकदा कण्हली असती, एकदा शिवी दिली असती तरी चाललं असतं. इतका राग येतो की तिच्या फोटोवरची धूळ मी पुसत नाही, तुझे भावजी पुसतात.

आता बाबांचं. उजवी बाजू गेली आहे, वाचा गेली आहे, पुढच्या आठवड्यात घरी सोडतील. तू म्हणतोस, परक्या माणसाने बाबांना हात लावलेला बरा दिसत नाही, नर्स घरातच आहे. मी नर्स नाही. मला अजून अर्ध्या जणांची नाडी पहिल्या झटक्यात सापडत नाही. काल जे वरातीमागचं घोडं होतं ते आज तुला गाडीला जुंपायला हवंय, होय ना? आणि घरात निर्णय झाला म्हणतोस, तुझ्या बायकोला तरी विचारलं होतंस का? मी विचारलं तिला. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

तुझ्या फोनमागे काय आहे ते मला कळतं. तुला जखम माहीत नव्हती, पण काहीतरी चुकलं हे माहीत होतं. तुला स्वतःच्या हातांची भीती वाटते, म्हणून माझे हात हवेत. पण मी शाळा सोडून आले तरी काय होईल? मी बाजारात जाईन, मी आजारी पडेन, मला डुलकी लागेल, आणि तू पुन्हा पडदे ओढशील. बाबांच्या पाठीचं रक्षण माझ्या एकटीने होणार नाही. आणि मी मात्र पुन्हा काचेमागे जाऊन बसेन, जन्मभर तक्रारी नोंदवत. तशी मी म्हातारी झाले तर तुझं तोंड पाहणार नाही, हे लिहून ठेव.

तर अर्ज मी दिलेला नाही. बाईंच्या खोलीतून निघाले ती थेट सिस्टरांकडे गेले आणि तुझं नाव देऊन आले. पलंगाशी उभं करण्याआधी सगळ्याच वॉर्डांतल्या घरी जाणाऱ्या रुग्णांच्या माणसांना त्या शनिवारी सकाळी आमच्या सरावाच्या खोलीत शिकवतात. एकदा शिकून विसरलेला आहे, पुन्हा शिकवा, असं मी सांगितलं. घरात निर्णय झाला आहे, असंही सांगितलं. नखं कापून ये. बाही वर सरकेल असा शर्ट घाल. पोटभर खाऊन ये, गेल्या वेळी एका धडधाकट माणसाला भोवळ आली होती. खोलीत शिकायला रबरी बाहुला आहे, पण तो तुझ्या कामाचा नाही, त्याचे डोळे सताड उघडे असतात. म्हणून पलंगावर मी झोपणार आहे, सिस्टरांची परवानगी घेतली आहे. मी अंग सैल सोडीन आणि डोळे मिटून घेईन. तू हळूच हाक मारशील, मी ओ देणार नाही. हिला झोप लागली आहे, असंच तुला वाटेल. तेव्हा माझ्या खांद्याला हात घाल आणि मला हलव.

तुझीच, राग न गेलेली,
ताई