नखावरची आडवी रेघ

१७ मार्च, संध्याकाळ

अंगठ्याच्या नखावरची पांढरी आडवी रेघ आज शेवटी टोकाला आली. डॉक्टर म्हणाले होते, दिवाळीत खाल्लेल्या गव्हात जड धातू होता, त्याचीच ही खूण. तो गहू सासूबाईंनी सुपात घेऊन दाणा न् दाणा निवडला होता. त्यांच्या नजरेतून खडा सुटत नाही, हे मात्र सुटलं. डोळ्यांना दिसलं नाही ते या एवढ्याशा नखानं कसं जपून ठेवलं? महिनोन्‌महिने ती रेघ पुढे सरकताना बघतेय, अजून नवल ओसरत नाही.

आज कापली. तुकडा उडून अंगणात पडला.

"नख उचल वं, कोंबडी खाईन!" सासूबाई ओरडल्या.

मी वाकेपर्यंत कोंबडीनं ते गिळलंसुद्धा. सकाळी ती अंडं देईल. मग रेघ संपली कुठे?