राखाडीची घरघर

२ जून
ही नोकरी मला एका मिशीला पडली. मिशीवाल्या माणसाला पक्षी बुजतात, असं मालकीणबाईंचं म्हणणं. पहिल्या कमाईइतकी जुनी मिशी सकाळी न्हाव्याकडे ठेवून आलो. बायको ओळख दाखवेना. बाकी ठिकाण झकास. काचेची लांबलचक खोली, त्यात परदेशी पोपटांचे पिंजरे, शेजारी त्यांचाच दवाखाना. मी शाळेत फार टिकलो नाही, पक्षीबाजारात पिंजरे घासत शिकलो. पण पोपटाच्या छातीत गाठ असली तर नुसता श्वास ऐकून सांगतो. इथली डॉक्टरीण गाठीत सुई घालते, निघेल ते काचेवर पसरून भिंगाखाली बघत बसते. बसू दे बिचारी. कान नसले की माणसाला भिंग लागतंच.

५ जून
मालकीणबाईंचा जीव म्हाताऱ्या राखाडी पोपटात. त्याला काही झालं तर तुमचं सामान बांधा, असं त्यांनी गोड हसून सांगितलं. पोपट पाळणारी माणसं अशीच. पोपट बरे.

११ जून
राखाडीला घरघर लागली. श्वास आत जाताना बारीक शिट्टी, बाहेर पडताना ओली खरखर. छातीत गाठ, मी सांगून मोकळा झालो. डॉक्टरीण म्हणाली, एक्स-रेत काही नाही, वजनही उतरलेलं नाही, थांबू या. मी मालकीणबाईंना म्हटलं, एक्स-रे मुका असतो. त्यांनी माझंच ऐकलं. उद्या कापायचं.

१२ जून
राखाडी भुलीतून उठला नाही. छाती आतून लख्ख होती. गाठ नाही, डागसुद्धा नाही. मालकीणबाई त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसल्या. मी म्हणालो, उशीर झाला होता. त्यांना ते पटलं, सामान बांधायचा विषय निघाला नाही. डॉक्टरीण माझ्याकडे नुसती बघत राहिली. अपयश आलं की शिकलेली माणसं अशीच बघतात.

१५ जून
आता हिरवी पोपटीण. तीच शिट्टी, तीच खरखर. दुपारपर्यंत पांढरा काकाकुवाही. दोघांचे एक्स-रे स्वच्छ. डॉक्टरीण म्हणाली, हा आजार नाही, नक्कल आहे. राखाडीनेही कुणाची तरी उचलली असणार. कुणाची, ते शोधा. मी म्हटलं, नक्कल आणि आजार यातला फरक मला शिकवू नका.

१७ जून
सगळे. एका लयीत. मी आत गेलो की सुरू. बाहेर पडलो की बंद, असं डॉक्टरीण म्हणते. तिला काय—

१८ जून
आज पिंजऱ्यांसमोर श्वास रोखून उभा राहिलो. अख्खी खोली थांबली. चोची उघड्या, डोळे माझ्यावर. मी श्वास सोडला, आणि—

१९ जून
आज ते माझ्या श्वासाच्याही पुढे गेले. शिट्टी, खरखर, मग एक लांब ओढ, मग काहीच नाही. आणि हिरवी, मालकीणबाईंच्या आवाजात: “यांच्या घरी कळवा कुणीतरी.”
मालकीणबाई असं अजून बोललेल्या नाहीत. कधीच—

२० जून
डॉक्टरिणीने माणसांच्या दवाखान्यात धाडलं. माझा एक्स-रे. डावं फुफ्फुस. गाठ लिंबाएवढी. परत आलो तर पोपट गप्प—
बायको म्हणते, ही घरघर ती वर्षभर ऐकतेय. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही ऐकू जाते. फक्त मला—