भिजूनही न उगवलेला गहू

सिस्टर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग अजून ताजा आहे. शाळेत तुम्ही आम्हा मुलींना ओल्या कापसात गहू रुजवायला लावला होता. बाकीच्यांनी वाण्याकडचा जुना गहू आणला. मी आमच्या साखरा गावच्या खळ्यावरचा, नुकताच मळलेला. त्यांना कोंब आले, माझा एक दाणा हलला नाही. "पानी नहीं दिया, ऊपर से झूठ!" म्हणून तुम्ही मला वर्गाबाहेर काढलंत आणि माझा कापूस खिडकीतून फेकलात. मी पाणी दिलं होतं, सिस्टर. रोज.

पुढे गव्हाच्या संशोधन केंद्रात नोकरी लागल्यावर कळलं, की ताजा पिकलेला गहू भिजला तरी काही काळ उगवायचं नाकारतो. कुठला वाण किती दम धरतो, हे तपासण्यातच माझी नोकरी सरली. ज्याला दम नाही, तो कापणीच्या तोंडावर पाऊस आला की उभ्या ओंबीतच कोंब काढतो आणि त्याच्या पिठाची कणीक हाताला चिकटत बसते. यंदा फाल्गुनात तसाच पाऊस झाला. भाऊ गेल्यापासून शेत भावजय बघते. तिने माझ्याच सांगण्यावरून तीन वाण पेरले होते. तिन्हींच्या पिकल्या ओंब्या मी कापल्या, भिजवल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. दोन वाणांना दाढीसारखे कोंब फुटले. तिसरा गप्प.

"वन्सं, हे तर मेलं की," भावजय म्हणाली.

"मेलं नाही, झोपलंय."

"मंग उठवून दाखवा. न्हाई उठलं तर गिरणीत घालते. पेरायचं मला हाय, तुमी पेन्शन खाता!"

थंडीचा भास व्हावा म्हणून मी त्यातले दाणे ओल्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवले. रोज फ्रीजमधून दूध काढताना ती टोमणा मारायची, "झोपलेल्याला पांघरूण घालू का?" काही दिवसांनी पुडी बाहेर काढून उबेला ठेवली, आणि परवा सकाळी उघडते तर प्रत्येक दाण्याला पांढरी, ओली मुळं. हा पाऊस आपला नव्हे, पेरणीची थंडी अजून यायची आहे, हे त्या एवढ्याशा दाण्याला कळतं कसं? त्यामागचं रसायन मला पाठ आहे, तरी अंगावर काटा आला. भावजयीने वाकून एक दाणा उचलून उजेडात धरला. मग म्हणाली, "बियाणं हेच धरते."

हे पत्र टाकायला पत्ता नाही, असता तरी टाकलं नसतं. वर्गातल्या त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. पण पुडी उघडण्याआधी तुम्ही शिकवलेली सकाळची प्रार्थना मी ओठांतल्या ओठांत म्हटली. पूर्ण. भावजयीला हे कळलेलं नाही.