सोंड्या भुंग्याचं रक्त

मनामा, शुक्रवार

प्रिय सावनी,

दर आठवड्याला फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करतेस आणि मी सुखावून मुद्दा टाळतो. अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दुसऱ्यांच्या रक्ताचे रिपोर्ट बेधडक लिहिले. स्वतःबद्दल चार ओळी लिहायला मात्र आज तिसरा कागद घेतलाय.

परवा बुदैया गावाच्या बाजूला गेलो होतो. तू ज्या बागेतून संशोधनासाठी सोंड्या भुंगे गोळा करायचीस, तिथली आणखी सहा खजुराची झाडं त्यांनी पोखरली. माळी बुंध्यावर हात ठेवून 'खलास' एवढंच म्हणाला. चार वर्षांपूर्वीची तुझी ती सुट्टी आठवली. जेवणाच्या टेबलावर भुंगे, त्यांच्या पाठीला चिकटवलेला दोरा, समोर टेबलफॅन. दोरा धरून बसायची तुझी आई. तासभर उडवलेल्या भुंग्याचं रक्त तू केसाएवढ्या नळीत ओढून घ्यायचीस आणि ती तुला प्रश्न विचारून भंडावून सोडायची. किड्याच्या अंगात चरबीचं कोठार असतं, तो उडायला लागला की तिथली चरबी रक्तात उतरते, आणि रक्तातलं एक प्रथिन ती पंखांच्या स्नायूंपर्यंत पोचवून रिकामं परत येतं, पुन्हा भरून घेतं, हे तिला तोंडपाठ झालं होतं. शेजारच्या शरीफुन्निसाभाभींनाही तिने ते समजावलं. मी चेष्टा करायचो, की घरातल्या माणसांचं कोलेस्टेरॉल आवरेना, आणि निघाल्या भुंग्यांचं मोजायला. खरं सांगू? मला हेवा वाटायचा. लॅबवाला मी, आणि गूळपीठ तुम्हा दोघींचं.

मग तू पुण्याला गेलीस. नळ्या न्यायची परवानगी यायची होती, म्हणून त्या आइस्क्रीमच्या डब्यात घालून आपल्या फ्रीझरमध्ये ठेवल्यास. महिन्याभराने आईने तुला फोन करून सांगितलं, की फ्रीझर साफ करताना तिने त्या फेकल्या. तू तिला म्हणालीस, की माझं काम तुला कधी कळलंच नाही. तुझं एक वर्ष वाया गेलं. तेव्हापासून तू तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलतेस आणि घरी एकदाही आलेली नाहीस.

सावनी, नळ्या मी फेकल्या. आई भाजी आणायला गेली होती. मी फ्रीझरमधला बर्फ काढायला घेतला, डबा बाहेर राहिला, नळ्यांतलं रक्त वितळलं. नळ्या उजेडात धरून पाहिल्या तर आत पांढुरकं, दुधाळ. आमच्याकडे असं रक्त आलं की चरबीमुळे चाचणी चुकते म्हणून ते बाद करतात आणि पेशंटला उपाशीपोटी पुन्हा बोलावतात. हात सवयीने चालला. जी चरबी तू शोधत होतीस, तीच बघून मी नळ्या कचऱ्यात टाकल्या. काय करून बसलो ते आईनेच आल्यावर मला सांगितलं. मी घाबरून गेलो. पोरीला तुमच्या हातांचा केवढा अभिमान आहे, तो राहू दे, असं म्हणून तिने फोन उचलला. मी शेजारी बसून सगळं ऐकलं. तू तिला नको ते बोललीस तेव्हाही तोंड उघडलं नाही. चार वर्षं मी तुझा लाडका बाप राहिलो, तो असा.

आता का सांगतोय? आईचा विसराळूपणा मी तुला कमी करून सांगत आलो. सलमानिया हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मागच्या वर्षीच त्या आजाराचं नाव सांगितलं होतं. भुंगे, दोरा, तुमच्या त्या सकाळी, सगळं तिच्या डोक्यातून पुसलं गेलंय. एवढं एकच उरलंय, की नळ्या तिने फेकल्या. रोज शरीफुन्निसाभाभींचे हात धरून रडते, पोरीला सांगा, मी मुद्दाम नाही केलं. मी सांगतो, अरुणा, ते मी केलं होतं. ती माझा हात थोपटते आणि म्हणते, तुम्ही किती चांगले, माझ्यासाठी खोटं बोलता. माझं तिला खरं वाटत नाही, तुझं वाटेल. मला माफ करू नकोस, माझ्याशी बोलूही नकोस. पण ती तुला ओळखते आहे तोवर ये, आणि तिला सांग.

तुझ्या रागाचा धनी, तरी तुझाच,
बाबा