काहीच आजार नाही

११ मार्च २०२५, मंगळवार
हे पडले! प्रबोधच्या घराजवळ, हौगांगच्या बाजारात, मासेवाल्यापुढच्या ओल्या फरशीवर. पापलेट बघायला वाकले आणि पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलंय. परवा ऑपरेशन.

प्रबोधचा चेहरा पांढराफटक. आम्ही त्याच्याकडे परदेशात आलेले पाहुणे, म्हणून इथे दवाखान्याचं सगळं पूर्ण दराने. त्याच्या कंपनीचा विमा आईबापांना चालत नाही. पुण्याहून निघताना काढलेला प्रवासाचा विमा तेवढा आहे. त्यात लिहिलंय — काहीच आजार नाही. आणि यांच्या हृदयात स्टेंट!

"आई, कोणी विचारलं तर काही नाही म्हणायचं. कळलं तर विमा रद्द. मग मी संपलो."

आईला खोटं पढवतोय. यासाठी वाढवला का याला?

१२ मार्च
यांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्यांची पट्टी माझ्या पर्समध्ये आहे. प्रबोध म्हणतो, घरी ठेव. मागे यांची दाढ काढली तेव्हा रक्त थांबता थांबेना, टॉवेल भिजला होता. हे तर हाड! सांगितलं त्याला. "पडल्यापासून घेतलेली नाही ना, मग झालं," म्हणाला. मोठा डॉक्टरच लागून गेलाय!

हे भिंतीकडे तोंड करून पडलेत.

संध्याकाळी —
भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. चिनी, तरुण, बोलायला गोड. "एनी मेडिसिन?" मी मराठीत सगळं सांगितलं — स्टेंट, गोळी, दाढ. प्रबोधने इंग्रजीत सांगितलं, आई विचारतेय, यांना जेवायला कधी देणार!

मला इंग्रजी बोलता येत नाही. पण कळतं! कळतं हे त्यालाही ठाऊक आहे. बाई हसल्या, माझा हात थोपटून गेल्या.  पोटच्या पोराला लोकांसमोर खोटं कसं पाडू?

१३ मार्च
पाडलं.

सकाळी यांना न्यायला आले. प्रबोध खाली कॉफी आणायला गेला होता. मी पट्टी नर्सच्या हातात कोंबली, छातीवर हात ठेवून "स्टेंट, स्टेंट" म्हटलं. "अय्यो आंटी! अंकल टेकिंग धिस वन? व्हाय नेव्हर टेल?" धावतच गेली ती. पाठीत सुई देऊन भूल द्यायची होती. तिथे रक्त साकळलं असतं तर पाय कायमचे गेले असते म्हणे. ऑपरेशन थांबवलं.

प्रबोधने ऐकलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नको बघूस! बापाच्या जिवापेक्षा पैसा मोठा झाला याला.

१५ मार्च
विमा रद्द. प्रबोध आणि मी एकाच घरात, पण अबोला.

१८ मार्च
ऑपरेशन नीट पार पडलं. शुद्धीवर आल्या आल्या हे माझ्यावरच उखडले. "का सांगितलंस? पोराला बुडवलंस! फॉर्म मी भरला होता. बोललास तर माझं मेलेलं तोंड बघशील, अशी शपथ मीच घातली होती त्याला."

आजारी माणसावर ओरडू नये. ओरडले! नर्स धावत आली. तिच्यामागे दारात प्रबोध उभा. कुठल्या तोंडाने बघू त्याच्याकडे?